दिल्लीत मी नाही म्हटलं

कागद आला तवा मी तारेवरचे लंगोट झटकून राहिली होती. आम्ही कोराडीले राहतो, इथं वाळलेला कपडा आधी झटका लागते, वीज कारखान्याची बारीक राख बसलेली असते त्याच्यावर, तसाच बांधला तर पोट्टीच्या अंगाले पुरळ येते. फोन वाजला. ह्यांचा, म्हणजे माह्या नवऱ्याचा. हे कॅनडात ट्रेलर चालवतात. नेहमी आधी पोट्टी काय करून राहिली ते विचारतात, त्या दिवशी नाही विचारलं. म्हणे, "रिजेक्ट झालं." मले वाटलं गाडीतला माल-बिल. म्हटलं, "काय झालं रिजेक्ट?" तर म्हणे, "तुहं अन् पोट्टीचं. व्हिसाचं. आपलं लग्न खरं नाही म्हणतात ते."

मी हसली. खरंच हसली, भीतीनं येते न हसू, तसं. अख्खं गाव जेवलं होतं लग्नात. माह्या बापानं नरखेडकडच्या आमच्या गावाले संत्र्याच्या बगीच्यात मांडव टाकला होता, बँडवाला पिऊन विहिरीजवळ झोपला होता ते लोक अजून सांगतात, अन् लग्न खरं नाही?

ह्यांनी कागद मोबाईलवर पाठवला. सगळा इंग्रजी. मी दहावी नापास, इंग्रजीतच गेली होती. मोबाईलमधी ते मराठी करून देणारं असते न, त्यात टाकला. आलं, तुमचा विवाह अस्सल असल्याची खात्री पटत नाही. अस्सल. तूप असते अस्सल, लग्न कसं असन? खाली वाचत गेली. मुलाखतीत बाईनं गरोदर नसल्याचं सांगतलं, मंग पोरगी झाली, तारखा पाहिल्या तर मुलाखतीच्या वेळी ती गरोदरच होती, तरी नाही काहून म्हणाली, म्हणून बाप कोण याचीही खात्री नाही. असं सरळ नव्हतं लिहिलेलं, चांगल्या भाषेत होतं, पण अर्थ तोच. मी तिथंच तारेखाली बसली, लंगोट मांडीवर घेऊन.

आता ते नाही कसं झालं ते सांगते.

लग्न झाल्यावर हे गेले ते दुसऱ्यांदा सुट्टीवर आले दिवाळीत. महिनाभर राहिले. हे गेले अन् मले दिवस राहिले. मेडिकलमधून पट्टी आणून पाहिली, दोन रेघा. सासूले दाखवली, मी तिले आत्या म्हणते. आत्यानं ती पट्टी पदराखाली लपवली, जशी काही चोरून आणलेली, अन् म्हणे, "चोरओटी होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नको वं. कोणाले म्हणजे कोणालेच नाही." आमच्यात तसंच असते. तिसऱ्या महिन्यात सासू घरातल्या घरात, दार लावून सुनेची ओटी भरते. बोलावणं नाही, पाहुणे नाही, फोटो नाही, म्हणून चोरओटी. तोवर पोटातलं कच्चं असते, नजर लागते म्हणतात. मी विचारलं, "ह्यांलेबी नाही सांगायचं?" तर म्हणे, "त्याच्या तोंडात तीळ भिजते का? तिथं चार पोट्ट्यांत राहते, सांगून टाकते सगळ्यायले."

मंग ह्यांलेबी नाही सांगतलं. दोनदा ओठावर आलं, गिळलं.

अन् त्यातच दिल्लीच्या कॅनडा वकिलातीतून व्हिसाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. नागपुरात सदरमधी एक कन्सल्टंट आहेत, आमचं कागदाचं काम तेच पाहतात. त्यांनी माही तयारी करून घेतली. नवरा सकाळी काय खाते, बुटाचा नंबर काय, खोलीत संगं कोण कोण राहते, तुम्ही पहिल्यांदा कुठं बोलले. सगळं पाठ. मले भीती वाटे फक्त ह्यांच्या नावाची. मी ह्यांचं नाव तोंडानं कधी घेतलंच नव्हतं, उखाण्यात घेतलं तेवढंच. कन्सल्टंट म्हणे, "ताई, तिथं उखाणा नाही चालणार, डायरेक्ट घ्या लागन." मंग न्हाणीत नळ सोडून मी नाव घेऊन पाहत होती, बाहेर सासऱ्यांले ऐकू जाऊ नये म्हणून.

दिल्लीले आत्या संगं आली. ती बाहेर बाकावर बसली, मी आत. काचेमागं एक गोरी बाई अन् तिच्या बाजूले तिचं बोलणं मराठीत सांगणारा माणूस, पुण्याकडचा असन, सारखा आपण आपण करे. नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी असं जोरात घेतलं की बाजूच्या खिडकीवरचे लोक वळून पाहायले लागले. बुटाचा नंबर सांगतला. खोलीतले चौघं सांगतले. बाई मान हलवे. मले वाटलं जिंकली मी. मंग ती बाई कागद गोळा करता करता काहीतरी बोलली, अन् तो म्हणे, "आपण गरोदर आहात का?"

ह्याची तयारी नव्हती. परका पुरुष विचारून राहिला, आजूबाजूले माणसंच माणसं, अन् आत्या दाराबाहेर. माह्या तोंडातून निघून गेलं, "नाही." खोटं बोलली असं मले वाटलंच नाही. ओटी भरली नाही तर काय सांगणार? आमच्या घरच्या कोणत्याही बाईनं तेच म्हटलं असतं. बाहेर आली तर आत्यानं विचारलं, "सगळं बरोबर सांगतलं न?" मी म्हटलं, "हाव."

नंतर ओटी भरली, मंग ह्यांले सांगतलं, हे गाडी बाजूले लावून रडले म्हणे. पोट्टी झाली, तिचे कागद कन्सल्टंटनं पाठवले. पेढे वाटून झाले, मी मोठी बॅग पाहून ठेवली होती दुकानात, लाल, चाकं असलेली. अन् मंग हे.

त्या दिवशी फोनवर हे म्हणाले, "तू दिल्लीत नाही काहून म्हटलं?"

"आत्यानं सांगतलं होतं, कोणाले सांगू नको म्हणून."

हे चूप. मंग हळूच म्हणे, "अन् मले काहून नाही सांगतलं?"

फोन ठेवला तरी ते चूपच माह्या कानात राहिलं. कॅनडा जाऊ दे, नाही गेली तर नाही गेली. पण ह्यांच्या मनात काही आलं का? मले तेवढंच पाहिजे होतं माहीत. अन् विचारायची हिंमत नव्हती, विचारलं अन् हे पुन्हा चूप बसले तर?

मी अन् आत्या कन्सल्टंटकडं गेलो, पोट्टी कडेवर. ते म्हणे, अपील करता येते. "पण ताई, डीएनए टेस्ट करून टाका. एकदा ते हाती आलं की त्यांचं तोंड बंद." मी आत्याकडं पाहिलं. आत्या वर पंख्याकडं पाहून राहिली होती. मी बोलणार काय, दिल्लीत नाही म्हणायले मले हिनंच सांगतलं, अन् ही पंखा पाहून राहिली. ह्यांले तिथूनच फोन लावला, हे लगेच म्हणाले, "हाव, करून टाकू." इतक्या लवकर! थोडं तरी चिडायचं होतं, माह्या पोरीची टेस्ट काहून म्हणून.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, "आत्या, तुम्हीच म्हटलं होतं न."

"गल्लीतल्या बायांले सांगू नको म्हटलं होतं. सरकारले सांगू नको म्हटलं होतं का म्या?"

ऑटोवाला हसला. मी पोट्टीच्या टोपीत तोंड घातलं.

दोन-चार दिवसांत शेजारच्या काकू आल्या, कुठून कळलं देव जाणे. चहा घेता घेता पोट्टीची हनुवटी धरून म्हणतात, "बाई बाई, नाक कोणावर गेलं वं हिचं? तुमच्यात तर असं नाक नाही कोणाचं." आत्या कप उचलून आत गेली, कपात चहा होता तरी. काकू म्हणे, "अवं, माहा राहिला न चहा!" आतून कप धुतल्याचा आवाज आला.

मले जेवण जाईना. दूध कमी झालं, पोट्टी चिडचिड करे, ती रडली का मी रडे. अन् सांगायची लाज वाटते, पण मी आरशासमोर पोट्टीले घेऊन उभी राही, मोबाईलमधी ह्यांचा फोटो उघडे अन् नाक पाही. मले माहीत होतं न. ह्यांच्याशिवाय कोणी बोट नाही लावलं मले. तरी पाहून राहिली होती. कान ह्यांचा आहे का, भुवई आहे का. असं कोणी करते का?

रविवारी हे व्हिडिओवर आले. दाढी वाढलेली, मागं गाडीची खिडकी. पोट्टीले पाहिलं, हसले, मंग म्हणे, "टेस्टची तारीख घेतली का?" मी मोबाईल पोट्टीकडं फिरवला. तेवढ्यात आत्यानं पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातानं माह्या हातातून मोबाईल घेतला. असा धरला की ह्यांले तिचा कानच दिसत असन.

"ऐक रे. मीच म्हटलं होतं तिले. सरकारले नाही, तुले नाही, कोणाले नाही. माह्या म्हणण्यानं झालं हे. तुह्या वेळी तुह्या बापालेबी म्या तीन महिने पत्ता लागू देला नव्हता."

सासरे खाटेवर पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली न करता म्हणे, "मले होता पत्ता. रोज पदराआड बोरं कोण खाऊन राहिलं होतं?"

"तुम्ही मधात बोलू नका जी."

"इतके वर्ष कुठं बोललो? तू सांगशीन तवा खूश व्हायचं म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

हे तिकडं हसायले लागले. मंग म्हणे, "आई, मले कशाची शंका नाही. टेस्ट त्यायच्यासाठी आहे."

"मंग तिले सांग न तसं! मले काहून सांगून राहिला? चार दिवसाची जेवली नाही ते."

आत्यानं मोबाईल माह्याकडं देला, काचेवर सगळं पीठ. त्या पिठातून हे दिसत होते अर्धे. म्हणे, "अवं, मले राग आला होता. तू मले पहिल्यांदा सांगशीन असं वाटे मले. बाकी काही नाही. तू म्हणशीन तर नाही करत टेस्ट." मी म्हटलं, "करा." त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

कन्सल्टंट म्हणे, सासूबाईचं प्रतिज्ञापत्र जोडू. कोर्टाजवळ टिनाखाली टायपिंगवाले बसतात, तिथं गेलो. आत्या डोक्यावर पदर घेऊन तीन माणसांसमोर बोलली. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, कसं भरलं, कुठं भरलं. टायपिंगवाला विचारे, "दार काहून लावलं होतं?" आत्या म्हणे, "दार उघडं टाकून चोरओटी भरते का कोणी? तुह्या बायकोले विचार." मंग इंग्रजीत काय लिहायचं यावर त्यायचं अडलं. आत्या म्हणे, "ते चोर-बिर काही लिहू नको बाबा. आधीच संशय घेऊन राहिले." शेवटी नुसतं घरातला विधी लिहिलं. आत्यानं सही केली, एकेक अक्षर सावकाश.

टेस्टच्या ठिकाणी एका पोरीनं कापसाची काडी पोट्टीच्या गालात आतून फिरवली. पोट्टीले वाटलं काही खायचं आहे. तिनं काडी हिरड्यात धरली, सोडेच ना, चोखून राहिली. ती पोरगी म्हणे, "सोड न वं माय, मले पाठवायची आहे." मीबी हसली. ह्यांनी तिकडं आपली काडी देली.

मंग वाट पाहणं. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावे.

हे एक दिवस म्हणाले, "अवं, आला तो रिपोर्ट. अपिलाच्या वकिलाले पाठवून देला."

"काय आहे त्यात?"

"काय असन? मी उघडलाच नाही."

मले बरं वाटायले पाहिजे होतं न. हेच तर पाहिजे होतं मले इतके दिवस, उघडला नाही म्हणजे काय ते कळते. पण मी म्हटलं, "उघडा."

"काहून?"

"उघडा न अहो. वाचा."

"पागल झाली का?"

"वाचा म्हटलं न."

ह्यांनी उघडला. आधी इंग्रजीत वाचलं, मंग मराठीत. बाप हेच. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. पोट्टी माह्या मांडीवर लंगोटाची नाडी ओढून राहिली होती, तिचं नाक पाहिलं, नाकच होतं नुसतं, इतकुसं, शेंबूड आलेलं. पुसलं. हे तिकडून म्हणे, "आता जेवशीन का?"

अपिलाची तारीख अजून आली नाही. वर्ष लागन म्हणतात, जास्तही लागन, पुन्हा नाहीही म्हणतीन. पोट्टी धरून धरून उभी राहते आता, ह्यांनी तिले एकदाही उचललेलं नाही. लाल बॅग त्या दुकानातून गेली, मी पाहिलं परवा, तिथं निळी आहे. कन्सल्टंट म्हणे, अपिलात तुम्हालेबी विचारतीन, तयारी ठेवा. म्हणून ह्यांच्या गाडीचा नंबर, खोलीतले नवीन दोघं, सगळं पुन्हा पाठ करून राहिली आहे. काल भाजी निवडता निवडता मी आत्याले म्हटलं, "पुन्हा तेच विचारलं तर? गरोदर आहात का म्हणून?"

आत्यानं मेथीची काडी मोडली. म्हणे, "नवरा तिकडं अन् बाई इकडं, गरोदर कशी राहीन म्हणा. इतकंबी कळत नाही का त्यायले? असंच सांगजो."

म्हटलं, "हाव."