घंगाळ लग्नाला गेलं आहे

जुन्या वस्तू जमवणाऱ्या मंडळात वस्तू कमी आणि किस्सेच जास्त जमतात. वस्तूंना निदान कपाट तरी लागतं, किस्से आपले चहाच्या कपांसोबत कुठंही पडलेले असतात. आमचं इतिहास मंडळ अमरावतीत, राजापेठेजवळ, एका शाळेच्या जुन्या दोन खोल्यांत भरतं. त्या खोल्यांना आम्ही 'म्युझियम' म्हणतो, आणि तेही न हसता. मी पोस्टातून रिटायर झाले तशी तिथली किल्ली माझ्या गळ्यात पडली. घरचे म्हणतात, नोकरी होती तेव्हा ही जास्त घरी असायची.

मंडळाचे अध्यक्ष गावंडे सर. जन्मभर इतिहास शिकवला. माणूस सोन्यासारखा, पण त्याला 'नाही' हा शब्द कोणी शिकवलाच नाही. आमचे निम्मे किस्से त्यातूनच झाले.

*

सुरुवातीला कोणी वस्तू देईना. सर दारोदार फिरायचे, लोक प्रेमानं चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. धामणगाव रेल्वे या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी तांब्याचं भलंमोठं घंगाळ होतं, आंघोळीच्या पाण्याचं. घरच्या बाई म्हणाल्या, "न्या ना. पन आमच्या घरच्या पोरीची हळद ह्याच्यातल्याच पान्यानं उतरते. लग्न निंगालं का वापस पाहिजे."

सर म्हणाले, "तुमचंच हाये. तवा घेऊन जाजा."

परतीच्या गाडीत मी भांडले. "सर, जगात कोणतं म्युझियम अशा वस्तू वापस देते?"

"जगात मी गेलो कुठं, ताई?"

झालं. 'वस्तू देता येते आणि कार्याला परतही मिळते' ही बातमी गावभर पसरली आणि लोक आपणहून सामान आणू लागले. पुढं ते घंगाळ खरंच लग्नाला गेलं, आणि आलं ते काठाला हळद माखून. मी चिंच आणि घासणी घेऊन बसले. सरांनी घासणी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या. लग्नाहून आलेल्या पाहुन्याले कोनी दारातच आंघोळीले पाठवते का?"

ती हळद अजून आहे. येणारे लोक सगळ्यात आधी तीच बघतात.

*

लग्नसराईत आमची कपाटं रिकामी व्हायला लागली. तेव्हा सरांनी पाट्या केल्या. 'घंगाळ लग्नाला गेलं आहे.' 'समई वास्तुशांतीला गेली आहे.' एकदा पुण्याहून अभ्यासकांचा एक ग्रुप आला. गळ्यात कॅमेरे, हातात वह्या. पाट्या वाचत वाचत त्यांच्या मुख्य बाईंचा चेहरा उतरला. "मग इथे आम्ही बघायचं तरी काय?"

आमचे रफिकभाई तिथंच होते. त्यांचं राजापेठेत हार्डवेअरचं दुकान आहे, आमची सगळी कपाटं त्यांनीच उभी केली. ते म्हणाले, "मॅडम, लग्नालेच चला ना. धामणगाववाल्याईचं कार्य नांदगाव पेठेत हाये, जवळच."

आणि गेले ते सगळे! घंगाळातलं पाणी नवरीच्या अंगावर पडताना पाहिलं, नवरीच्या आजीकडून चार गाणी लिहून घेतली, पंगतीला बसले, कॅमेरे भिंतीला टांगून वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. जाताना बाईंनी आमच्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'संग्रहालय उत्तम. वांगं अप्रतिम.'

*

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा 'ओळखा पाहू' असा कार्यक्रम असतो. मधल्या टेबलावर एक जुनी वस्तू ठेवायची आणि जमलेल्यांनी ती कशाची ते सांगायचं. अकोल्याचे काही जण मुद्दाम सकाळच्या गाडीनं येतात. त्यांना आमच्याशी वाद घालायला आवडतं, आणि आम्हालाही त्यांच्याशिवाय करमत नाही.

एकदा एक लाकडी यंत्र आलं. दोन रूळ, एक दांडा, खाली भोक. आमचे लोक म्हणाले सरकी काढायचं. अकोलेकर म्हणाले, "सरकी? ऊस कुठं दिसला नाई वाटते तुमाले. रस काढाचा हाये तो." दुपार झाली, जेवणं झाली, वाद काही मिटेना. दोन्हीकडच्यांनी सरांकडं पाहिलं. सर आत गेले आणि पाटी लिहून घेऊन आले. 'या वस्तूविषयी अमरावती आणि अकोला यांचं एकमत नाही.'

ती पाटी आजही तशीच आहे. निकाल लागू नये अशीच दोन्ही पक्षांची इच्छा दिसते, कारण निकाल लागला तर मग येणार कशाला?

*

रफिकभाईंच्या आजोबांची चांदीची गुलाबदाणी आमच्याकडं आहे, पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायची. नियम दात्याच्या घरच्या कार्यापुरता, पण रफिकभाईंनीच सांगून ठेवलं होतं की मागेल त्याला द्या. त्यामुळं राजापेठेतल्या प्रत्येक लग्नात ती मिरवायची. एकदा ते चहा पिता पिता म्हणाले, "ताई, आमच्या दादाजानची गुलाबदानी साऱ्या गावाची दावत खाऊन राहिली. अन् मी इथं खारी बुडवून राहिलो."

मी ते चार ठिकाणी बोलले. माझ्या पोटात काही राहत नाही. तेव्हापासून गुलाबदाणी हवी असेल तर लोक आधी दुकानात पत्रिका घेऊन जातात. आता भाईंची तक्रार वेगळी आहे. म्हणतात, "ताई, शुगर वाढली."

*

आता पाळण्याचं.

हा पाळणा म्हणजे आमच्या म्युझियमची शान. सागवानी, चारी कोपऱ्यांवर कोरलेले पोपट, पितळी साखळ्या. इंगळे काकूंनी दिलेला. त्यांच्या घरातली सगळी पोरं त्यात वाढली, त्यांचा मुलगाही. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखाने झाले, मूल झालं नाही. मग एक दिवस काकू स्वतःच पाळणा घेऊन आल्या. म्हणाल्या, "घरी रिकामा पाहवत नाई, सर. इथं लोकं तरी पाहतीन." त्या दिवशी चहा कोणीच केला नाही.

इकडं शाळेला तिच्या खोल्या परत हव्या होत्या. सरकारी मान्यता मिळाली तर म्युझियमला स्वतःची जागा मिळणार होती, नाही तर गाशा गुंडाळायचा. पाहणीचा निकाल लागेपर्यंत राहा, एवढं शाळेनं कबूल केलं. पाहणीचा सोमवार ठरला. फोनवर बजावून सांगितलं गेलं, यादीतली प्रत्येक वस्तू जागेवर दिसली पाहिजे. सरांनी शब्द दिला. लग्नकार्याला गेलेली सगळी भांडी आम्ही गोळा करून आणली. सरांचं वय झालं आहे. हे एक मार्गी लागावं म्हणून ते रात्री झोपत नव्हते, हे मला त्यांच्या घरून कळलं होतं.

शनिवारी इंगळे काकू आल्या आणि बाकावर बसल्या. पाळण्याकडं पाहत म्हणाल्या, "सर, पोरानं अन् सुनेनं पोरगी दत्तक घेतली. काल घरी आली. एवढीशी हाये."

सर उठूनच उभे राहिले. "अरे वा! बारसं कवा?"

"सोमवारी." मग घाईघाईनं म्हणाल्या, "मी पाळना मांगाले नाई आली. पाहनी हाये हे मले मालूम हाये. साडीची झोळी बांधतो आमी. फकस्त सांगाले आली."

रफिकभाई हळूच म्हणाले, "सर, माझ्या वळखीत एक पाळना हाये. तोच टांगू. कोनाले समजन?"

"मले समजन ना," सर म्हणाले.

मग मी तोंड घातलं. "सर, एका दिवसाचा प्रश्न आहे. काकू, मंगळवारी करा ना बारसं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण मला जमिनीत जावंसं वाटलं. म्हणाले, "ताई, पोरगी आधीच इतक्या उशिरा आली. तिले अजून एक दिवस थांबवू?"

पाळणा भाईंच्या टेम्पोतून गेला. साखळ्या मी स्वतः पुसून दिल्या.

सोमवारी पाहणीच्या मॅडम आल्या. हातात यादी, चेहऱ्यावर काही नाही. घंगाळ पाहिलं, गुलाबदाणी पाहिली, अकोल्याच्या पाटीपाशी जरा रेंगाळल्या. मग पाळणा टांगायच्या रिकाम्या आकड्यांसमोर थांबल्या. खाली पाटी होती, 'पाळणा बारशाला गेला आहे.'

"यादीतला पाळणा कुठे आहे?"

"मॅडम, कामावर गेला हाये," सर म्हणाले.

"परत कधी येणार?"

"पोरगी चालाले लागली का."

मॅडमनी पेन उघडलं. पाटी पुन्हा एकदा वाचली. मग विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"आताच ठेवून राहिले असतीन."

तेवढ्यात रफिकभाई बारशाच्या घुगऱ्यांचा डबा घेऊन आले. त्यांना पाहणी अजून चालू आहे याचा पत्ताच नव्हता, दारातूनच म्हणाले, "आशा! आशा ठेवलं!" मॅडमनी उभ्यानंच मूठभर घुगऱ्या खाल्ल्या, हात पुसले आणि कागदावर लिहिलं, 'पाहणी अपूर्ण. पाळणा परत आल्यावर पुन्हा भेट.'

त्याला आता बरेच महिने झाले. निकाल लागलेला नाही, म्हणून आम्ही अजून त्याच दोन खोल्यांत आहोत. परवा काकू आल्या, सांगत होत्या की आशा भिंत धरून उभी राहायला लागली. आम्ही सगळे एकदम सरांकडं पाहू लागलो.

सर म्हणाले, "पाहा बरं, तिले कोनी घाई करू नका."