आवाज तुटतोय

शनिवारी सकाळी पावणेअकराला आम्ही दोघी मीटिंग उघडायचो. बाकीचे शिक्षक अकराला यायचे. मधली पंधरा मिनिटं तपासणीची. कॅमेरा चालू होतोय का, चेहरा अंधारात नाही ना, माइक घरघरत नाही ना. ती बोरिवलीच्या तिच्या घरातून विचारायची, "येतोय का गं आवाज?" आणि मी कांजूरमार्गच्या माझ्या घरातून म्हणायचे, "येतोय." दोन वर्षं मी हे उत्तर दिलं आणि एक शनिवार सोडला तर प्रत्येक वेळी खरं दिलं.

आम्ही घाटकोपरच्या एकाच मराठी शाळेत गणित शिकवतो. मी तिच्या चार वर्षं आधी लागले. ती नवी असताना अपूर्णांकांच्या तासाला तिला घाम फुटायचा. तिचे पहिले तास मी मागच्या बाकावर बसून ऐकले, चुका वहीत लिहून दिल्या, कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक कसे समजावायचे ते दाखवलं. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींचा डबा खायचो. मैत्रीणच होती ती माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं ते मैत्रिणीच्या बाबतीत केलं.

लॉकडाऊन संपला, शाळा उघडल्या, तरी शिक्षकांची प्रशिक्षणं मात्र ऑनलाइनच राहिली. आमच्या शाळेला इतर शाळांच्या शिक्षकांना गणिताचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, मला विचारतील. मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं आणि म्हणाल्या, "बोलेल ही. हिचा चेहरा स्क्रीनवर प्रसन्न दिसतो. तू मागचं सांभाळ."

मागचं सांभाळणं म्हणजे लोकांना आत घेणं, कुणाचा कुकर वाजला की त्याला म्यूट करणं आणि चॅटमधले प्रश्न तिला वाचून दाखवणं. मी "हो" म्हटलं. पोटात मात्र दुखायला लागलं ते तेव्हापासून.

तिचा चेहरा प्रसन्न दिसायचा हे खरंच होतं. तिच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी, पलीकडे नॅशनल पार्कचे डोंगर. सकाळचं ऊन बाजूने यायचं आणि तिच्या गालावर पडायचं. मागे पुस्तकांचं एक कपाट आणि मनीप्लांट. माझ्याकडे कॅमेरा कुठेही ठेवला तरी मागे कपाटाचा आरसा यायचा, त्यात माझीच पाठ दिसायची. म्हणून मी आरशावर एक जुनी सुती साडी टांगायचे. चेहऱ्यावर उजेड पाडायला तो गोल दिवा येतो ना, तोही मी मागवला. तो लावून बसले तर नवरा दारातून म्हणाला, "पासपोर्टचा फोटो काढायचाय का?" तो हसला, मीही हसले आणि दिवा कपाटावर टाकला.

तिची रेकॉर्डिंगं मी नंतर एकटी बघायचे, आवाज बंद करून. ती काय बोलते ते मला पाठ होतं. मला बघायचं असायचं ती कशी दिसते, केस कधी मागे सारते, लोक कुठे हसतात. कागदाच्या घड्या ती हमखास दाखवायची आणि दर वेळी सांगायची, "आमच्या शाळेत आम्ही हे असं करतो." तो "आम्ही" मला खुपायचा. त्यात मी होते, पण मला कुणी ओळखणार नाही इतपतच होते.

त्या शनिवारी नेहमीपेक्षा मोठं सत्र होतं. इतर जिल्ह्यांतले शिक्षकही येणार होते, वरचे अधिकारी ऐकणार होते. पावणेअकराला आम्ही दोघीच होतो. तिने मोरपिशी कुर्ता घातला होता आणि गळ्यापाशी एक छोटा काळा, बिनवायरचा माइक लावला होता.

"नवीन आणला. सांग ना, कसा येतोय आवाज?"

आवाज इतका स्वच्छ येत होता की ती माझ्या शेजारी बसल्यासारखी वाटत होती. तिच्या खिडकीबाहेरचे पोपटसुद्धा मला ऐकू येत होते.

"तुटतोय गं," मी म्हटलं.

ठरवून म्हटलं नाही. पण चुकून तोंडातून गेलं असंही म्हणता येणार नाही.

"तुटतोय? काल तर नीट होता यार!" तिने माइक बंद केला, परत चालू केला. "आता?"

"आता घुमतोय."

"थांब, पंख्याचा येत असेल." ती उठली, पंखा बंद केला, खिडकी लावून जाड पडदा ओढला. पडदा ओढल्यावर ऊन गेलं आणि तिचा चेहरा साधा दिसायला लागला, तुमच्याआमच्यासारखा. मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

"आता बघ."

"मागे कसला तरी आवाज आहे."

ती पुन्हा उठली आणि कॅमेऱ्याच्या बाहेर गेली. तिचे सासरे बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेले असत. त्यांना कमी ऐकू येतं. तिच्या गळ्यातला माइक चालूच होता, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला. "बाबा, किती वेळा सांगितलं! आज माझं महत्त्वाचं आहे ना? तुमच्या या टीव्हीपायी सगळी वाट लागणार आहे!" असं ती घरातल्या कुणाशी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग पडद्यावर ती आली नाही, ते आले. बनियनवर घाईघाईने सदरा चढवलेला, वरचं बटण राहिलेलं. कॅमेऱ्याच्या फार जवळ वाकून ते मोठ्याने म्हणाले, "सॉरी हां बाई. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"नाही हो काका, तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नसावं. ते हात जोडून गेले.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. अजून सहा मिनिटं होती. पण ती खुर्चीत बसली आणि सेटिंगमध्ये शिरून हे दाब, ते दाब करायला लागली. अकरा वाजले तेव्हा तिचा आवाज खरोखरच गेला होता. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. चॅटमध्ये धडाधड यायला लागलं, आवाज नाही, आवाज नाही. माझा फोन वाजला. मोठ्या बाई होत्या.

"तू सुरू कर."

मी सुरू केलं. मागे साडी, समोर कोरा कागद. वीस मिनिटं मी घड्या घालत बोलले आणि चांगलं बोलले. लोकांनी प्रश्न विचारले, एका बाईंनी तर स्वतःचा कागद घेऊन कॅमेऱ्यासमोर घडी घालून दाखवली. मी सुखात होते. तिची आठवणसुद्धा मला झाली नाही. मग ती लॅपटॉप बंद-चालू करून परत आली, तिने पुढचा भाग घेतला, पण तिचा सूर लागला नाही तो नाहीच.

दुपारी तिचा फोन आला. "तू नसतीस ना, तर आज माझं काही खरं नव्हतं. थँक्यू गं. आणि तो माइक मी उद्या दुकानात परत करणार आहे."

"परत नको करूस," मी म्हटलं.

"का?"

"माइक चांगला आहे. आवाज नीट येत होता."

"कधी?"

"पहिल्यापासून."

तिने हळू विचारलं, "मग तुटतोय का म्हणालीस?"

"मला ते बघवत नव्हतं," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला.

सोमवारपासून ती स्टाफरूमच्या दुसऱ्या टोकाला डबा खायला लागली. माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही "तुम्ही" म्हणून. आमच्यात "तुम्ही" कधीच नव्हतं. ती मोठ्या बाईंना सांगेल म्हणून मी रोज धास्तावून शाळेत जायचे. तिने कुणालाच सांगितलं नाही. मला तर त्याचाही हेवा वाटला, की ही गप्प राहू शकते.

मला सारखे आठवायचे ते तिचे सासरे. शेवटी एका रविवारी सकाळी मी न कळवता बोरिवलीला गेले. तिचं घर मी कॅमेऱ्यातून सोडून कधी पाहिलं नव्हतं. जाताना मनात एक आशा होती, तीही सांगते. वाटत होतं, कॅमेऱ्यात येतो तेवढाच कोपरा चांगला असेल, बाकी पसारा असेल. तसं काही नव्हतं. घर सगळं छान होतं. उलट स्वयंपाकघरातून डोंगर आणखी छान दिसत होते.

दार तिनेच उघडलं. "या," म्हणाली आणि बाजूला झाली.

सासरे खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. टीव्ही बंद होता. मी त्यांच्या जवळ खुर्ची ओढली आणि मोठ्याने सांगितलं, "काका, त्या दिवशी तुमच्या टीव्हीचा काही त्रास नव्हता. मी खोटं बोलले होते."

"काय?"

"मी खोटं बोलले! टीव्हीमुळे काही झालं नव्हतं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिने त्यांनाही काही सांगितलं नव्हतं. "म्हणजे महिनाभर मी खाली बागेत जाऊन बसतोय शनिवारचा, ते उगाच?"

"हो," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही शिक्षिका ना?" ते म्हणाले. त्यांनी हात लांब करून रिमोट घेतला आणि टीव्ही लावला, बातम्या, एवढ्या मोठ्याने की टीपॉयवरचा पेला थरथरायला लागला. तिने आवाज कमी करा असं म्हटलं नाही. आत जाऊन चहा टाकला.

निघताना ती गेटपर्यंत आली. रिक्षा मिळत नव्हती, म्हणून उभ्या राहिलो.

"तुला बोलायचं होतं तर मला सांगायचंस ना," ती म्हणाली. महिन्याभराने "तू" ऐकलं मी.

"सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

तिने विचार केला. खरंच केला, रस्त्याकडे बघत. "नसतं दिलं," ती म्हणाली. "मला ते फार आवडतं. सगळे आपल्याकडे बघतायत, ते."

"मलाही."

"कळलं ते मला आता."

रिक्षा आली. मी बसले आणि तिने रिक्षावाल्याला स्टेशन म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात मोठ्या बाईंनी चार शनिवारांतले दोन मला दिले. तिने त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. माझ्या शनिवारी ती लोकांना आत घेते आणि चॅट बघते, चोख काम करते. तिच्या शनिवारी मी तेच करते. ती माइक स्वतःच रेकॉर्ड करून तपासते, मला विचारत नाही, आणि मीही आपणहून काही सांगत नाही. डबा आम्ही पुन्हा एकत्र खातो. तिचं ऊन गालावर पडलं की मला अजून टोचतं, पण आता मी तिची रेकॉर्डिंगं आवाज लावून ऐकते. ती चांगली शिकवते. घड्या मात्र माझ्याइतक्या सफाईने घालत नाही, हे मी तिला परवा तोंडावर सांगितलं.