दोन धारांच्या मधे कुणकेश्वर

आईला कुठं न्यायचं म्हटलं की आप्पा म्हणतात, आणि म्हैस कोण पिळणार? हे म्हणणं मी अजूनही मान्य केलेलं नाही. वैरण आप्पा आणतात, शेण आप्पा काढतात, गिऱ्हाइकांच्या दारात दूधही तेच घालतात. फक्त धारेला बसले की म्हैस लाथ झाडते. तिला आईचाच हात लागतो, दुसरं कोण बसलं की पान्हा चोरते. त्यामुळं अकरा वर्षं आई एक रात्र बाहेर राहिलेली नाही. मावशीच्या पोरीच्या लग्नात अक्षता पडल्या, तशी ही उठून एसटीला. नरसोबाच्या वाडीला गेली तरी संध्याकाळच्या धारेला कोल्हापुरात हजर.

मी राजकोटला लेथवर काम करतो आणि रविवारी इथल्या सायबर कॅफेत एका बोटानं हे टाइप करतो. दिवाळीला आठ दिवस घरी गेलतो. आईला विचारलं, समुद्र बघितलायस का? म्हणाली, टीव्हीत. मग मी बेत केला. पहाटे चारची धार काढून निघायचं, संध्याकाळी सातच्या धारेला परत यायचं. आप्पा म्हणाले, त्यात बघण्यासारखं काय असतंय, पाणीच की. पण सोडलं.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटेची देवगड गाडी धरा. माणशी शंभराच्या आत तिकीट. सीटवर रुमाल टाकायला माणूस आधी पाठवा, दिवाळीत जागा मिळत नाही. गगनबावड्याला गाडी दहा मिनिटं थांबते. धुकं असं की कॅन्टीन शोधायला वासावर जावं लागतं. वडा झकास. चहाचा एक घोट घेऊन आईनं कॅन्टीनवाल्याला सांगितलं की ह्यात दूध पडलं नाही, नुसतं दाखवलंय. त्यानं पैसे नकोत म्हटलं, तर तिनं बळंच दिले.

करूळ घाटात आईनं डोळे गच्च मिटले आणि प्रत्येक वळणाला विचारायला लागली, संपला का? शेवटी कंडक्टर म्हणाला, "मावशी, डोळं उघडा. तिकिटाचं पैसं ह्याचंच घेतल्यात." सगळी गाडी हसली. तिनं एक डोळा उघडला. खाली दरी बघून परत मिटला.

देवगडला पावणेदहाला उतरलो. तिथनं कुणकेश्वरला दुसरी एसटी, अर्धा तास. देऊळ अगदी किनाऱ्यावर. आईचं म्हणणं, आधी महादेव, मग समुद्र. दर्शन झालं, पायऱ्या उतरलो आणि ती थांबलीच. मग पुढं जाऊन बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली की एवढ्या पाण्यात पंचगंगेवरच्या समद्या म्हशी बसतील, पण पिणार एकबी न्हाय.

जेवायला मासे खाणाऱ्यांची मजा आहे. आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेलती. हॉटेलवाल्या बाईंनी "खंयसून इलात?" विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर आपणहून दोन ग्लास सोलकढी दिली. आईला ती आवडली नाही, पण बाईंसमोर तिनं सगळी संपवली.

परतीची कोल्हापूर गाडी देवगडातनं सव्वादोनला. त्यासाठी कुणकेश्वर दीडला सोडायला हवं. एकला मी हाक मारली तर आई पाण्यात फतकल मारून बसलेली. लाट यायची, छातीपर्यंत चढायची, आणि ही पोरीसारखी हसायची. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा जवळ जाऊन म्हटलं, आई, गाडी जाईल.

"जाऊ दे," ती म्हणाली. "अकरा वर्सं एक गाडी चुकवलेली न्हाय मी."

तिच्या शेजारी बसलो. गाडी गेली.

मग मात्र म्हैस आठवली. एसटीडी बूथवरनं शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला, आप्पांना बोलावून घेतलं. यायला उशीर होईल म्हटल्यावर आप्पा गरजले, "म्हशीला काय सांगू? तुझी मालकीण लाटा मोजत बसलीया म्हणून?" आणि फोन ठेवला.

गाडी चुकलीच तर घाबरू नका, कोल्हापूरच्या वाटेवरच्या तळेऱ्यापर्यंत काहीतरी मिळतं. आम्हाला तिथं तासभर उभं राहावं लागलं, मग कोल्हापूर गाडी आली. येताना घाटात आईनं डोळे मिटले नाहीत. म्हशीची कास तटतटली असंल, दुखत असंल, एवढंच दोनदा म्हणाली. मी पुढच्या सीटची दांडी धरून बसलो होतो. माझ्यामुळं जनावराला काही झालं असतं तर आई परत कधी उंबऱ्याबाहेर पडली नसती.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. गोठ्यातला दिवा चालू. आप्पा बादली घेऊन बाहेर आले, अंगावर आईचं हिरवं लुगडं, पदर डोक्यावरनं घेतलेला, खाली मिशा.

"हसू नगंस," मला म्हणाले. "पाच लिटर हाय. रोजच्यापेक्षा एकच कमी."

मी हसून भिंतीला टेकलो. आई हसली नाही. म्हशीजवळ गेली, कास चाचपली, पाठीवर हात ठेवला.

"अकरा वर्सं मला वाटायचं, ही मला वळखतीया," ती म्हणाली. "ही लुगड्याला वळखत हुती."

आप्पा लुगड्यातच जेवायला बसलेले, सोडायची आठवण नाही. ताक वाढता वाढता आईनं विचारलं, कुणकेश्वराजवळ मुक्कामाला खोली मिळती का रं? आप्पांचा घास हातात राहिला.

त्याला आता दोन महिने झाले. समुद्राचं म्हणाल तर माझ्या बुटात वाळू राहिली होती, ती इथं खोलीत झाडली. पण परवा फोनवर कळलं की आई आणि मावशी दोन रात्रींसाठी कुणकेश्वरला निघाल्यात. सकाळची धार आप्पा आताच काढायला लागलेत, सवय व्हावी म्हणून. त्यांची तक्रार एकच, हिरवं लुगडं लाथेनं फाटलं आणि दुसरं आई देत नाही. तेव्हा दोघींचं तिकीट, खोली, जेवण आणि आप्पांना एक नवं लुगडं, सगळं धरून उद्या मनिऑर्डर करतोय, साडेबाराशे रुपये.