तीन नंबरच्या मशीनचा निर्दोष रेकॉर्ड

सुधींद्र गलगली मुळात चिडका नव्हता, त्याला आमच्या दवाखान्याने चिडका केला. रायापूरकडच्या या छोट्या दवाखान्यात तो बावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळतोय आणि मी लॅब. पेशंटचं नुसतं नाव सांगा, फाइल हातात ठेवील. अशा माणसाचं कुणी ऐकू नये, याचा मला अजून संताप येतो.

भानगड तीन नंबरच्या ग्लुकोमीटरची. बोटाला टोचून साखर मोजायचं वॉर्डातलं मशीन ते. एकदा सुधींद्रच्या डोळ्यांदेखत त्यावर एका म्हातारीची साखर २३१ आली, आणि त्याच वेळी घेतलेलं तिचं रक्त माझ्याकडे १८० निघालं. त्यातच कळलं, की हे मशीन पुढच्या महिन्यात तारिहाळला, कामगारांच्या दवाखान्यात जाणार. तिथे लॅब नाही. मशीन सांगेल त्या हिशेबाने इन्सुलिन टोचायचं आणि माणसाला कामावर सोडायचं. इन्सुलिन जास्त गेलं की घेरी येणार, आणि समोर चालू लेथ.

सुधींद्र व्यवस्थापक मुकुल साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "एका थेंबावरून मशीन बाद करू? डेटा आणा."

मग हा वेडा डेटा आणायला बसला. तीन आठवडे त्याने जेवणाच्या सुट्टीत न जेवता वॉर्डातली वही आणि माझं रजिस्टर ताडून पाहिलं. तोच पेशंट, तोच अर्धा तास, मशीनचा आकडा आणि लॅबचा आकडा. दोनशे चौदा जोड्या जमल्या. फरक निघाला जेमतेम तीन-चारचा. वॉर्डातल्या सहा मशीनांत तीन नंबर सगळ्यात चोख!

"मी बघितलंय रे, या डोळ्यांनी!" तो माझ्यावरच ओरडला. माझा काय दोष होता त्यात?

आम्ही तडक वॉर्डात गेलो. सरस्वती अक्का, तिथली जुनी नर्स, एकाची साखर बघत होती. मशीनवर २०८. तिने वहीत लिहिलं १५८.

"अक्का, हे काय?" सुधींद्रने विचारलं.

"अण्णा, ते पन्नास जास्ती दाखवतंय की हो," ती सहज म्हणाली. "दोन वर्षं झाली. आम्ही सगळ्याजणी वजा करूनच लिहितोय. डॉक्टर वही बघून इन्सुलिन देतात. खोटं कसं लिहायचं?"

सुधींद्र कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. "तक्रार का नाही केली?"

"केली की! मशीन नेलं, आठ दिवस दुसरं दिलं नाही. मग तेच पुसून परत."

"निदान आठवडाभर मशीनवरचा आकडा लिहा."

"आणि पेशंटला जास्ती सुई गेली तर? तुम्ही येणार काय?"

"मग दोन्ही आकडे लिहा."

"रकाना एकच आहे. खाडाखोड दिसली की मेमो मिळतोय."

सुधींद्र हे सांगायला गेला, तर मुकुल साहेबांनी कमालच केली. "गलगली, तुमच्याच कागदावर मशीन दोनशे चौदा वेळा बरोबर आलंय. आता नर्सा आकडे बदलतात असं लेखी देता? द्या. सरस्वतीला घरी बसवतो." सुधींद्रने लेखी दिलं नाही. कसं देणार? दोन वर्षं त्या बाईनेच पेशंट सांभाळले होते.

"मग आत्ता माझ्यासमोर तपासा," तो म्हणाला. साहेब घड्याळ बघून मीटिंगला गेले.

सोमवारी मशीन खोक्यात भरलं. तारिहाळची गाडी यायच्या आधी सुधींद्र माझ्याकडे आला, चिकटपट्टी मागून घेतली, तिच्यावर कन्नडमध्ये ठळक लिहिलं, 'ऐवत्तु कळदु बरीरि', पन्नास वजा करून लिहा, आणि ती मशीनच्या पाठीवर दाबून बसवली.

मला राहवलं नाही. "अरे, म्हणजे तिथल्या वहीतही हे बरोबरच ठरणार! मशीन बिघडलंय हे मग कधीच सिद्ध होणार नाही."

"ठाऊक आहे!" तो खेकसला. "मग काय करू? पडू देऊ त्यांना लेथवर?"