मोदकाला लागलेला हात

"नैवेद्याला हिचा हात लागला नाही ना?"

मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोनं मला विचारलं. ही म्हणजे आबेना, घानाची, माझी मैत्रीण. मोदकांची परात धरून शेजारीच उभी होती. सिंगापुरात, सेरंगूनच्या हॉलमध्ये गणपतीच्या आरतीची तयारी चाललेली.

मी म्हणाले, "छे हो वहिनी. ती फक्त सामान उचलायला आलीय."

खोटं. निम्म्या मोदकांच्या कळ्या तिनं पाडल्या होत्या. गावी ती मांसाच्या करंज्या करायची. बोटं माझ्यापेक्षा सफाईदार.

नारळाच्या भावावरून नारळवाल्याला रडवणारी मी. इथं स्वयंपाकाच्या एका ऑर्डरीपायी तिचे हात विकून मोकळी झाले.

आबेनाला मराठी येत नाही. पण वहिनींची नजर तिच्या बोटांवर होती. तिनं परात टेबलावर ठेवली आणि हात पाठीमागे घेतले. गावच्या किराणा दुकानासमोर माझी आई अशीच उभी राहायची. शिवायला नको म्हणून दुकानदार तिच्या पदरात सामान वरून टाकायचा.

मंडळात मी आडनाव कधी सांगितलं नव्हतं. नुसती ताई.

आबेनाच्या चर्चमध्ये ते कुणी विचारलंच नव्हतं. टॅम्पिनीसच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मोठा स्वयंपाक जमेना, म्हणून मी त्यांचं स्वयंपाकघर मागायला गेले होते, भांडायच्या तयारीनं. रविवार होता. त्यांनी आधी ताट वाढलं. घाना, नायजेरिया, केनियाहून नवीन कुटुंब आलं की त्याला तिथं पहिलं वाढतात. कुणी फ्लॅट शोधून देतं, कुणी पोरांच्या शाळेचं बघतं. आबेनाचं घरही त्याच टेबलावर ठरलं. मलाही त्यांनी तिथंच बसवलं होतं.

टाळ वाजायच्या आत मी बोलले.

"वहिनी, मी खोटं बोलले. कळ्या हिनं पाडल्यात. सारण मी केलंय." मग आडनाव सांगितलं. स्पष्ट.

वहिनी हसल्या. "अहो, आता कशाला हे? सिंगापुरात कोण मानतं जातबित?"

"मग हात कशाला विचारलात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आरतीनंतर बोलू."

मी परात उचलली आणि दाराकडे वळले. दुसरी कड आबेनानं धरली. कुणी अडवलं नाही.

बसमध्ये तिला सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं." माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही.

मंडळाची ऑर्डर गेली. जाऊ दे. आता कुणाचाही फोन आला की मी आधी आडनाव सांगते. मग स्वयंपाकाला कोणाकोणाचे हात लागणार ते सांगते. भाव त्यानंतर. भावावर हवी तेवढी घासाघीस करा. आधीच्या दोन गोष्टींवर नाही.