मनुबाईंनी घेतलेलं नाव

आटपाडीच्या पूर्वेकडच्या माळावर मनुबाईंची मेंढरं चाळीस वर्षं चरत आली आहेत. दिवाळीनंतर पलूसकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला जायचं आणि पावसाळ्यात माळावर परतायचं, असा त्यांचा आणि आकारामांचा संसार. स्वतःची जमीन नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं की मेंढरांजवळ लांडग्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो आलाच. बोलायची वेळ आलीच तर 'कुत्रं' म्हणायचं. मनुबाईंनी ते जन्मभर पाळलं. कोकरू गेलं की त्या "कुत्र्यानं नेलं" एवढंच म्हणत, आणि माळावरच्या सगळ्या मेंढपाळांना ते बरोबर कळत असे.

नीलिमाला ते कळलं नाही. वनखातं, एक संशोधन संस्था आणि माळाकाठच्या पाच ग्रामपंचायती यांनी मिळून तिथल्या वन्यप्राण्यांची पाहणी सुरू केली होती. नीलिमा त्या संस्थेत काम करायची. सांगलीत वाढलेली, कामाला चोख. श्रावणात ती मेंढपाळांच्या एकेका मुक्कामावर जाऊन तक्ता भरू लागली. लांडगा पाहिलात का, या प्रश्नावर, मेंढरं शेजारीच असल्याने, मनुबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. कोकरं कुणी नेली, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, कुत्र्यानं. नीलिमाने 'भटकी कुत्री' या रकान्यात आकडा लिहिला. सत्तावीस मुक्कामांवर तिला हेच उत्तर मिळालं.

पाहणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या कार्यालयात वाचून दाखवायचा ठरला. माळावर लांडग्यासारखा संरक्षित प्राणी आढळला तर तिथलं गवत आणि चराई तशीच राखायची, नाहीतर खड्डे खोदून झाडं लावायची आणि पाच वर्षं चराई बंद ठेवायची, हे आधीच ठरलं होतं. मनुबाई आपली एकशेवीस मेंढरं पावसाळ्यात दुसरीकडे कुठे नेणार? या काळजीनेच त्या सभेला आल्या होत्या. मेंढरं बाहेर लिंबाखाली उभी होती.

वनपाल लालासाहेबांनी वाचून दाखवलं. लांडगा शून्य. भटक्या कुत्र्यांनी नेलेली कोकरं त्रेसष्ट. म्हणजे झाडं लावायला हरकत दिसत नाही, अहवाल सोमवारी वर पाठवू, असं ते म्हणाले.

मेंढपाळ एकमेकांकडे पाहू लागले. चूक सगळ्यांना कळली होती, पण सगळ्यांच्या घरची शिकवण एकच. शेवटी मनुबाई उठल्या.

"पोरी, ती कुत्री न्हाईत."

"मग काय आहे, मावशी?" नीलिमाने विचारलं.

मनुबाईंनी दाराबाहेर पाहिलं आणि आकारामांना म्हणाल्या, "आवं, आधी मेंढरं वढ्यापल्याड घालवा."

आकाराम कुरकुरले, पण उठले. सभा पंधरा मिनिटं खोळंबली. लालासाहेबांना हसू आवरेना. "मावशी, मेंढरांना मराठी कळतं व्हय?"

"मेंढरांस्नी न्हाई," मनुबाई म्हणाल्या. "त्याला कळतंय."

मेंढरं ओढ्यापलीकडे गेल्याचं स्वतः दारात जाऊन पाहिल्यावरच त्या परत आल्या. पदर सारखा केला. चाळीस वर्षांत जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो लगेच निघेना. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लांडगा हाय. मोठी मादी अन तिची तीन पिल्लं. खालच्या नाल्यातल्या डबक्यावर पाणी प्यायला येत्यात."

एकदा शब्द निघाल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. कोणी कधी, कुठे पाहिला, ते जो तो सांगू लागला.

नीलिमाने तक्ता पुढ्यात ओढला, पण त्यावर काही खोडलं नाही. नुसत्या सांगण्यावरून आकडे बदलता येणार नाहीत, पुरावा लागेल, असं तिने मोकळेपणाने सांगितलं. लालासाहेबांनी अहवाल पाठवायला एका महिन्याची मुदत दिली. मनुबाईंनी दाखवलेल्या डबक्यापाशी दोन कॅमेरे बसवले गेले. पहिल्या आठवड्यात ससे आणि गावातली दोन कुत्री तेवढी दिसली. मनुबाई रोज विचारायच्या आणि नीलिमा मान हलवायची. मनुबाईंचं जेवण कमी झालं होतं. तेराव्या दिवशी पहाटेच्या छायाचित्रात मादी आली आणि तिच्यामागे तीन वाढती पिल्लं.

मग सत्तावीसही मुक्कामांवर पाहणी पुन्हा झाली. या वेळी नीलिमाबरोबर मनुबाई होत्या. प्रत्येक ठिकाणी आधी मेंढरं लांब पाठवायची, मग कुत्रं म्हणजे घरचं की रानातलं, हे विचारायचं, असा त्यांनी क्रम लावून दिला. त्रेसष्टपैकी भटक्या कुत्र्यांकडे राहिली नऊ.

वरून निर्णय आला तो अर्धाच. माळाचा पश्चिम भाग गवतासाठी आणि चराईसाठी राखला गेला. दुसरी पाहणी मुदतीत संपली नाही आणि तोवर पूर्वेच्या उतारावरच्या खड्ड्यांचा आदेश निघाला होता, तो मागे घेतला नाही. मनुबाईंनी लालासाहेबांना बरोबर घेऊन ती हद्द पायी चालून पाहिली. एवढ्या गवतावर एकशेवीस मेंढरं निभणार नव्हती. वीस मेंढरं आटपाडीच्या बाजारात विकायची, असं त्यांनी आकारामांशी बोलून ठरवलं, आणि उरलेली शंभर त्या दुपारी पश्चिमेकडच्या गवतात सोडली.