आंतोनअण्णांनी सही केली

लोंढ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, पण उजेड संध्याकाळचा वाटावा असा होता. कार्तिक लागला तरी आभाळ भरलेलंच. सांगलीहून निघताना शेजारणीने छत्री घ्यायला बजावलं होतं. मी ऐकलं नाही आणि रामनगरची बस येईपर्यंत चिंब भिजले.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्याकडचं एक छोटं मासिक माझी प्रवासाची पानं छापतं. या खेपेला मला जोयडा तालुक्यातल्या सिद्दींच्या संघाच्या पुढाऱ्यांना भेटायचं होतं. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज. मालकांच्या तावडीतून निसटून ते घाट चढले आणि या रानात राहिले. कुणी हिंदू झाले, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. संघ उभा करणारे तिघेही तीन धर्मांचे, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यावर माझा निम्मा लेख मनात लिहूनही झाला होता.

रामनगरहून पुढे निघाल्यावर शेजारी एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. झाडांमधून सुपा धरणाचं पाणी मधूनमधून दिसत होतं, करडं आणि निश्चल.

"आमचं गाव तितं," ते म्हणाले.

मी पलीकडच्या काठावर घरं शोधू लागले.

"तितं न्हाई बाई. पान्यात."

जोयड्याच्या स्टँडवर संघाची सेक्रेटरी लक्ष्मीअक्का न्यायला आली होती. पन्नाशीची, उंच, कुरळ्या केसांचा घट्ट अंबाडा. माझी ओली पिशवी तिने मला न विचारताच खांद्याला लावली. पुढच्या बसमधून उतरल्यावर रानातून तासभर चालायचं होतं. वाटेत तिने स्वतःचं सांगितलं. आठव्या वर्षी तिला गोव्यात एका घरी भांडी घासायला ठेवलं. शाळा नाहीच. मासळी बांधून येई त्या मराठी वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर अक्षरं जुळवत ती वाचायला शिकली. "त्यामुळं मला बातमीचा शेवट कवा गावलाच न्हाई," ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

पुढे एक ओहोळ लागला. निसरड्या दगडावरून मी घसरले आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. लक्ष्मीअक्काने मला हात दिला. "आमचे अध्यक्ष आंतोनअण्णा, त्यांच्या बायकोला ह्याच वाटेनं झोळीत घालून न्यावं लागतं. मूत्रपिंडं गेल्यात तिची. आठवड्यातनं दोनदा रक्त साफ करायला."

वाडीत सात घरं उरली होती. पलीकडे चार रिकामी जोती, त्यांच्यावर रान वाढलेलं. वाघांच्या राखीव जंगलातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्यांना सरकार दुसरीकडे वसवतं; ही जोती तशा गेलेल्यांची. संघ सुरू झाल्यापासून अध्यक्ष आंतोनअण्णा घरोघर जाऊन एकच सांगत आले होते, की इथून कुणी हलू नका.

आंतोनअण्णा दारात उभे होते. साठीचे, सडपातळ. अंगणात तिसरे पुढारी हुसेनसाब बाकड्यावर बसलेले. हे डमामी (सिद्दींचा मोठा ढोल) वाजवणारे. संघ काढायचा ठरला तेव्हा ते ढोल पाठीला बांधून वाडी-वाडी फिरले होते, कारण सभेला न येणारी माणसं ढोलाला यायची.

आधी जेवण झालं. उकड्या तांदळाचा भात, उकडलेली मुडली (इथला मोठा कंद) आणि लाल मुंग्यांची आंबट चटणी. आतल्या खोलीत आंतोनअण्णांची बायको रोझा चटईवर पडून होती. चेहरा सुजलेला. तिने मला हातानेच "जेवा" म्हणून खूण केली.

मग मी वही काढली. आंतोनअण्णा लहानपणी रानात म्हशी राखायचे. अनवाणी असे पळायचे की त्यांना बंगळूरला खेळाच्या होस्टेलला नेलं. तीन वर्षांनी ती योजनाच बंद झाली आणि ते परत आले. पण तेवढ्यात सातवी झाली होती. वाडीत तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. "मंग जो तो कागद घेऊन माझ्याकडंच यायचा. जातीचा दाखला, रेशन, कोर्टाची नोटीस. म्या पुढारी कवा झालो मलाच ठावं न्हाई."

मला लेखाचा शेवट हवा होता. मी विचारलं, "म्हणजे काहीही झालं तरी तुम्ही हे रान सोडणार नाही?"

आत रोझा खोकली.

"परवा सही केली म्या," ते म्हणाले.

लक्ष्मीअक्काला आधी कळलंच नाही. "कसली?"

"जायची. हळ्याळकडं जागा देत्यात. दवाखाना जवळ हाय."

ती उठून उभी राहिली. "अण्णा, त्या चार घरांच्या दारात तुमी काय बोललात? जाणाऱ्याचं तोंड बघणार न्हाई म्हनालात. मी हुते संगं."

"व्हय. बोललो."

"आनि आमाला सांगायला ह्या बाई यायला लागल्या?"

"तुला सांगायला तीनदा घराकडं आलो. जमलं न्हाई."

हुसेनसाब इतका वेळ जमिनीकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "हिरियारूचं काय करणार?" हिरियारू म्हणजे पूर्वज. घराच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा नारळ ठेवलेला असतो. आंतोनअण्णांच्या घरी क्रूसाच्या खालीच तो होता.

"विचारलं त्यांना," आंतोनअण्णा म्हणाले. "बोलले न्हाईत काय."

लक्ष्मीअक्का आत गेली. मला वाटलं, भांडेल. ती रोझाजवळ बसली आणि तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळू लागली. मी वही मिटली. तो प्रश्न मी विचारायला नको होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसपर्यंत पोचवायला लक्ष्मीअक्काच आली. वाटभर तिने एवढंच विचारलं, "तुमी काय लिवणार?" मी म्हटलं, जे झालं ते. ती म्हणाली, "मंग रोझाचे पाय पन लिवा."

सांगलीला येऊन मी लिहायला बसले, पण मनात आधीच झालेल्या त्या लेखातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. ज्या रानाने पळून आलेल्या माणसांना लपवलं, तिथे आता आजारी बाईला तगवणं त्यांच्या पुढाऱ्याला जमत नव्हतं. यात हरलं कोण, ते मला ठरवता आलं नाही.

पुढे होळीच्या सुमारास आंतोनअण्णांना फोन केला. रोझा जिवंत होती, रिक्षाने दवाखान्यात जात होती. मागोमाग वाडीतली आणखी तीन घरं उठली होती. "माझ्यामुळं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लक्ष्मीचा फोन येतो तुमाला?"

"येतो."

"माझं काय इचारती?"

लक्ष्मीअक्काचे तोवर चार फोन आले होते. संघाचा सगळा भार आता तिच्यावर होता. दाखले, सभा, उरलेली तीन घरं, सगळं ती सांगायची. आंतोनअण्णांचं नाव तिने एकदाही काढलं नव्हतं.

"विचारते ना," मी म्हणाले. "नेहमी विचारते."